पुस्तकातल्या पोरीची माय

"ऱ्हाऊ द्या आता, पोरगी दमली असंल," असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं. सकाळी अंगणात आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. म्हणजे मी फोडत होतो, ती वाचत होती. त्या पुस्तकातली पोरगी परगावच्या शाळेतून घरी पत्रं लिहिते, अन् पत्रापत्रानं मोठी होत जाते. त्या दिवशीच्या पत्रात तिनं बापाला विचारलं होतं, लग्न थांबवून पुढं शिकू का?

"बाप काय म्हनला? वाच की."

"अवो, पत्राला यायला येळ लागतो. उद्या."

अशी माझी घरवाली. दिवसाला एकच पत्र. ती वऱ्हाडातली, मराठी चार इयत्ता शिकलेली. मी निजामाच्या राज्यातला. शाळा उर्दू, तीही दोन वर्षांत सुटली. हा वाचायचा रिकामा धंदा, असं मी तोंडावर बोललो होतो. ती म्हणाली, "हात कामात असू द्या. कान तर मोकळे हायेत ना?" पुढं म्हातारपणी त्याच पुस्तकावर मी मराठी अक्षर लावायला शिकलो. आज हे लिहून राहिलो ते तिच्या जिवावर.

आम्हाला लेकरू नव्हतं. पुस्तकातली पोरगी परीक्षा पास झाली, तेव्हा हिनं गल्लीत गूळ वाटला.

"कोन पास झालं, काकू?"

"आमची पोरगी."

झालं! आठवड्यात पुसेगावचा पाहुणा दारात. "तुमची पोरगी शिकलेली हाय म्हनं. पोरासाठी बगायला आलो."

मी तोंड उघडणार, तर ही पदर सावरून म्हणते, "लहान हाय अजून." पानसुपारी देऊन त्याला वाटेला लावलं.

"येडी झाली का तू?" मी म्हणालो.

"मंग तुमी काहून गप बसले?"

खरंच, काहून बसलो? मलाही ती आमचीच वाटायला लागली होती.

त्या पत्राच्या दिवशी सकाळी शेंगा फोडल्या, दुपारी घरवालीच्या छातीत कळ आली, सांजेला तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले मास्तर सोयऱ्यांना कार्डं लिहायला आले. मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडायची आमच्याकडं रीत आहे. मास्तर लिहीत होते, मी कोपरे फाडत होतो.

"अजून कोनाला कळवायचं?"

"पोरीला."

मास्तरांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. मी पुस्तक आणलं, घरवालीनं खुणेला काडी घातलेलं पान उघडून पुढं ठेवलं. "आदी वाचा. तिचा बाप काय म्हनला?"

त्यांनी वाचलं. बाप हो म्हणाला होता.

"मंग नका कळवू," मी म्हणालो. "तिला आत्ताच तकलीफ कशाला?"

एक कार्ड उरलं होतं. त्याचा कोपरा मी फाडला नाही.