आयर्लंडातला कूड

शेणवे गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकी जगातली कुठलीही गोष्ट आपल्या घराशी ताडून बघतात. त्यांची लेक आयर्लंडात नर्स आहे. रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला की काकी मला हाक मारतात आणि स्वतः उन्हानं तापलेल्या कुडाला टेकून बसतात. घर स्लॅबचं झालं, पण कारवीच्या काड्या विणून शेणामातीनं लिंपलेली ही एक भिंत त्यांनी कुणाला पाडू दिली नाही.

परवा लेक एक मध्ययुगीन दगडी बुरूज दाखवत होती. तिथला सरदार बायकामुलांसह त्यातच राहायचा. बाणापुरत्या फटी, अरुंद गोल जिना, शत्रूवर धोंडे टाकायला दाराच्या वर छतात भोक.

"आन् गुरं कुठं बांधायची?" काकींनी विचारलं.

"बाहेरच्या आवारात, आई."

"मग राहत असतील," काकींना पटलं.

मग लेकीनं छताची कमान दाखवली. चुन्यात विणीचे ठसे होते. "काड्या विणून त्यावर कमान बांधली, आई. काड्या कवाच गेल्या, वीण राहिली."

काकींनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "हा तर आपला कूडच. हात लाव गो."

कमान जिथं खाली उतरत होती, तिथं लेकीनं तळवा ठेवला.

"गार लागतं?"

"लय गार."

काकी वळल्या. फोनची काच त्यांनी कुडाला टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. "घे, जरा ऊब घे."

तिकडं पोरीला नुसता अंधार दिसत असणार. पण कितीतरी वेळ ती 'आई, काही दिसत नाय' असं म्हणाली नाही.