वकीलबाईंनी बंद पाडलेला आकडा

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे वकीलबाई म्हणत. वकिलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, शिकल्या होत्या कॉम्प्युटर. पण कुणी नुसतं 'आज उकडतंय' म्हटलं तरी त्या 'कशावरून?' विचारणार. घरीही तेच. त्यांचे सासरे म्हणे सुनेशी बोलायच्या आधी कानातलं मशीन काढून ठेवत. हे आम्हाला सांगितलं बाईंनीच, हसत हसत.

आमची कंपनी आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू भाड्यानं देते. वर-खाली होणारे पलंग, चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. लोक वेबसाइटवर फॉर्म भरतात. तो आधी मार्केटिंगच्या सिस्टिममध्ये पडतो आणि तिथून आपोआप सीआरएममध्ये येतो, म्हणजे आम्ही तिघी फोनवाल्या ज्या स्क्रीनकडे डोळे लावून बसतो तिथं. नाव दिसलं की फोन लावायचा. एवढंच आमचं काम, आणि ते आम्ही चोख करत होतो.

तरी त्या महिन्यात लोक आम्हाला झाडायला लागले. "सकाळी फॉर्म भरला आणि आत्ता उगवताय? आईला खाली सतरंजीवर निजवलंय आम्ही. आणतोय दुसरीकडून पलंग." असं ऐकलं की मी आधी माफी मागायची. मार्केटिंगच्या साहेबांनी मात्र उशीर का होतो ते विचारलंसुद्धा नाही. मुली गप्पा हाणत बसतात, असा त्यांनी निकाल लावला. महिनाअखेर आम्हा तिघींना नारळ द्यायचा आणि नव्या मुली आणायच्या. खातरजमा करायला वकीलबाईंना आमच्या अंगावर सोडलं, कारण दोन्ही सिस्टिम त्याच सांभाळत.

त्या आल्या त्या फणकाऱ्यातच. "अगं, चहाला गेलात की किती वेळ बसता?"

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "बाई, नाव आल्याशिवाय फोन कुणाला लावू? तुमच्या सासऱ्यांना?"

त्यांनी खरोखरच मोबाइलवरून सासऱ्यांच्या नावानं चाकाच्या खुर्चीचा फॉर्म भरला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. बसल्या त्या बसल्याच. आमचे डबे उघडले, माझी निम्मी भाजी त्यांनी संपवली, तरी सासरे काही स्क्रीनवर येईनात. आले तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं.

"तुम्हाला बोलले ते चुकलं माझं," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला सासऱ्यांनी मशीन पुन्हा कानात घातलं असतं.

मग सासऱ्यांच्या पुढे रांगेत कोण घुसलं होतं, ते त्यांनी शोधलं. घुसले होते आकडे. गिऱ्हाइकाला आमच्याविषयी किती ओढ आहे हे दाखवणारा एक आकडा म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. कुणी आमचा मेल उघडला की आकडा वाढायचा, नाही उघडला की उतरायचा. हजारो माणसांचे आकडे सारखे हलत, आणि हलला की प्रत्येक आकडा सीआरएमकडे धाडला जाई. दोन सिस्टिममधल्या दारातून एका वेळी ठरावीकच नोंदी जातात. म्हणजे ज्याच्या घरी माणूस खाटेला खिळलंय तो मागे, आणि कधीकाळी चौकशी करून विसरलेल्या, आज चुकून मेल उघडलेल्या माणसाचा आकडा पुढे. मला संताप आला, अजून येतो.

आणि तो आकडा बनवला होता वकीलबाईंनीच. त्याच्यावरच त्यांना बढती मिळाली होती. "माझंच कार्टं," त्या म्हणाल्या, "फार शेफारलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांना सगळं समजावलं. काचेच्या केबिनचं दार उघडंच होतं.

"आकडा बंद होणार नाही," साहेब म्हणाले. "वरचे लोक तोच बघायला येतायत. आणि मुलींचं मी ठरवलंय."

"उशीर करणार आकडा आणि घरी जाणार मुली?"

"वाद नकोय मला."

बाईंनी खरंच वाद घातला नाही. बाहेर आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि आकडे पाठवणंच बंद करून टाकलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुंबलेली रांग मोकळी झाली. सीआरएममधला साहेबांचा आकडा आहे तिथंच थिजला, आणि साहेब तरातरा आमच्या टेबलांपाशी आले.

"कुणाला विचारून बंद केलंत?"

"तुम्हालाच. परवानगीचा मेल टाकलाय. असेल कुठेतरी रांगेत."

आम्ही तिघी फस्सकन हसलो. नोकरी जायचीच होती, मग हसायला काय हरकत होती?

"चालू करा. नाहीतर तुमचं पद जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मी चालू करणार नाही."

तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर नवं नाव आलं. साहेब उभे होते तरी मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, इतक्या लगेच?" पलीकडची बाई म्हणाली. "फॉर्म पाठवून मोबाइल अजून खालीसुद्धा ठेवला नाही मी. उद्या वडिलांना दवाखान्यातून आणायचंय. पलंग मिळेल ना?"

मी साहेबांकडे बघितलं. वकीलबाईंनीही बघितलं. ते स्क्रीनवरच्या नावाकडे बघत उभे होते.

"हॅलो?" ती बाई घाबरून म्हणाली. "आहात ना तुम्ही?"

"आहोत ना," मी साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले. "आम्ही सगळ्याजणी इथंच आहोत. पत्ता सांगा."