नुसतं पास

आमच्या घरी दादाला ‘पहिला नंबर’ म्हणतात. हे नाव मी ठेवलं, तेही चिडून, कारण माझा निकाल लागला तरी आई आधी त्याचेच मार्क आठवायची. दादाला मात्र ते कौतुक वाटलं. बाबा शिंपी, दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं राहिलं की आई आतून दादाचे मार्क ऐकवायची, आणि बिचाऱ्याला हलताही यायचं नाही.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी दादाची एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात निवड झाली. तिकडे कोणते विषय घेणार ते आधी ठरवायचं, त्यांचा अभ्यासक्रम इथल्या विषयांशी ताडून बघायचा आणि विभागप्रमुखांची मंजुरी घ्यायची. मंजुरी नसलेला विषय परत आल्यावर धरत नाहीत, म्हणजे सत्र वाया. दादाने हे सगळं चोख केलं. जाणाऱ्या मुलांच्या बैठकीत विभागातल्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिकडचे विषय पूर्ण केल्याची क्रेडिट इथे जमा होतील, पण मार्क येणार नाहीत. दोन्हीकडे मार्क द्यायची पद्धत वेगळी, म्हणून गुणपत्रिकेवर त्या विषयांपुढे नुसतं ‘पास’ लागेल आणि सरासरीत काही मिळवणार नाहीत. “तेव्हा पास व्हा, आणि बाकीचा वेळ माणसांसारखे राहा,” असं त्या म्हणाल्या.

दादाने हे ऐकलं होतं. घरी येऊन आम्हाला सांगितलंही. आई म्हणाली, “तसं म्हणतात रे. शेवटी मार्क बघतातच.” दादाला ते लगेच पटलं. जगात देव नाही असं कोणी म्हटलं असतं तर आमच्या घरात एक वेळ खपलं असतं, पण मार्क मोजत नाहीत हे कोणाच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं.

ते परदेशातलं विद्यापीठ ज्या शहरात होतं, तिथेच आमची आत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण. ती बाबांच्या हाताखाली याच दुकानात शिवण शिकली आणि त्यांना न पटलेल्या माणसाशी लग्न करून निघून गेली. जाताना बाबा तिला नको नको ते बोलले. तेव्हा दोघांनी धरलेला अबोला कधी सुटलाच नाही. मी तर तिला पाहिलेलीही नाही. दादाची बॅग भरत होतो तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले, तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाले, “तिच्याकडे जात जा अधूनमधून. जरा वेळ बसत जा.” खिशातून पत्ता काढून दिला. तो त्यांच्याकडे होता हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दादा पहिल्याच आठवड्यात गेला. आत्याने दार उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि ओळखून त्याला हाताला धरून घरात नेलं. मग तिने त्याच्या शर्टाची कॉलर उलटी केली आणि टीप बघून म्हणाली, “ही माझ्या भावाच्या हातची.” तिने त्याला दर रविवारी यायला सांगितलं. “मला खूप विचारायचंय. आणि त्याला कळवायचंही खूप आहे.” दादा म्हणाला, “येतो ना.” दुसऱ्या दिवशी प्रयोगाचा अहवाल द्यायचा होता, म्हणून तो तासाभरात उठला.

पुढच्या रविवारी चाचणीचा अभ्यास होता. त्यानंतर दुसरंच काहीतरी निघालं. आत्या फोन करायची आणि हा सांगायचा, “परीक्षा झाली की निवांत येतो, आत्या.” वसतिगृहातल्या टेबलाला चिकटून बसला होता नुसता. बरोबरची मुलं डोंगर चढायला निघाली की याला त्यांची कीव यायची. परीक्षा संपली, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. आत्याला फोन केला तो विमानतळावरून.

सगळ्या विषयांत हाच पहिला. ते कागद मिरवत तो विभागात गेला. बाईंनी मंजूर विषयांशी ते पडताळून बघितले, क्रेडिट जमा केली आणि एकेका विषयापुढे ‘पास’ लावलं.

“आणि मार्क?”

“जाताना सांगितलं होतं ना तुला,” बाई म्हणाल्या.

त्याच्याबरोबर गेलेल्या, कसाबसा काठावर सुटलेल्या मुलापुढेही अगदी तेच ‘पास’ होतं. हे ऐकून मी पोट धरून हसले. तेव्हा मला त्यात फक्त गंमत दिसली.

बाबांनी मार्कांचं काही विचारलंच नाही. मशीन थांबवून म्हणाले, “कशी आहे ती?”

“बरी आहे.”

“काय म्हणाली?”

दादाने कॉलरचं सांगितलं. बाबा पुढचं ऐकायला थांबले, पण पुढे काही नव्हतं. “केस पिकलेत का? अजून शिवते का? माझ्यावर राग आहे का तिचा?” दादाला यातलं काहीच सांगता आलं नाही. आई म्हणायची, सरळ फोन लावा. पण तिने माफ केलंय की नाही हे कळल्याशिवाय बाबांचा धीर होत नव्हता, आणि ते सांगू शकणारा एकुलता एक माणूस तिच्याकडे तासभर बसून उठला होता.

पुढच्या वर्षी आत्या गेली. तिच्या नवऱ्याने कळवलं. बाबा दुकान बंद करून बसून राहिले. ते बघवेना, म्हणून दादा खोटं बोलू लागला. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचा आणि आत्याकडे घालवलेला एखादा रविवार सांगायचा: तिने केलेला दाट दुधाचा चहा, तिचं शिवणयंत्र, भावाच्या आठवणी काढताना तिचं हसणं. वर्षानुवर्षं हे चाललं. मध्यंतरी तो प्राध्यापक झाला, परदेशी जाणाऱ्या मुलांच्या विषयांना तोच मंजुरी द्यायला लागला. प्रत्येकाला विचारतो, तिकडे तुमचं कोणी आहे का. मुलांना वाटतं, सर राहायच्या सोयीचं विचारतायत.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना औषध देत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, “दादाला आत्याचे इतके रविवार मिळाले, बरं झालं.”

“तिला दुधाच्या वासानेसुद्धा मळमळायचं,” बाबा म्हणाले. “लहानपणापासून चहा कोरा प्यायची.”

दादाचा राग आला आणि रडूही आलं. “मग तुम्ही त्याला कधी बोलला का नाहीत?”

“त्याला बोललो असतो, तर माझ्याशी तिच्याविषयी बोलायला कोण उरलं असतं?”

तेवढ्यात दादा आला, खुर्ची ओढून बसला. बाबांनी डोळे मिटले.

“हं,” ते म्हणाले, “सांग.”