कमी वासाचा रंग

मंगळवारी सकाळी यशवंत पेंटर दौंड स्टेशनवर वारला. पुण्याच्या गाडीसाठी तो फलाटावरच्या बाकावर बसला होता. गाडी आली, लोक चढले, गाडी गेली. तो बसून राहिला. साडेनऊला त्याच्या बायकोचा, शांताचा, मला शिरूरला फोन आला.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना यशवंत सांगायचा तर त्याच्या नाकापासून सुरुवात करावी लागते. रंगवलेल्या भिंतीला तो कधीही हात लावत नसे. दोन्ही हात पाठीमागे बांधून, भिंतीला मिशी लागेल इतका जवळ जायचा, डोळे मिटायचा आणि हुंगायचा. मग म्हणायचा, "अजून कच्चा हाय. चहा घेऊ." चहाहून आला की पुन्हा हुंगायचा. "आता झाला." मग रंगाचा दुसरा हात. चाळीस वर्षांत त्याने यासाठी घड्याळ पाहिलं नाही. "बोट लावून बघतो तो पेंटर न्हाई, गिऱ्हाईक," असं त्याचं म्हणणं. "बोट डाग पाडतंय. नाक गुमान काम करतंय."

दौंडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. दहावीला तो गणितात गेला आणि एका पेंटरच्या हाताखाली लागला. मी शिकत राहिलो, ग्रंथपाल झालो, शिरूरला स्थायिक झालो. तो मला पुस्तक्या म्हणायचा. माझ्या बायकोसमोर, मुलांसमोर, एकदा तर तहसीलदारांसमोरही. माझ्या हातात पुस्तक दिसलं की टोमणा ठरलेला: "तू वाचतो ती अक्षरं कुनीतरी काढलेली असत्यात, पुस्तक्या. इसरू नको."

दौंडपासून शिरूरपर्यंत खताच्या जाहिराती, डेअरीच्या पाट्या, ट्रकचे मागचे पत्रे त्यानेच रंगवलेले. मग फ्लेक्स आले आणि त्याचं काम सुटत गेलं. पंचावन्नाव्या वर्षी तो स्प्रेचा डबा धरायला शिकला. कारेगावच्या एका सलूनवाल्याला शटरवर ग्राफिटी हवी होती. त्याने मोबाईलवर नमुना दाखवला. यशवंतने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ही तर आमच्या ट्रकचीच अक्षरं. फकस्त जेवनावळीतून आल्यावानी फुगल्यात." त्या शटरनंतर त्याला जिमची, चहाच्या टपऱ्यांची कामं मिळाली. ती अक्षरं मी पाहायला जायचो. फुगीर, तिरकी, एकमेकांना खेटलेली, पण वरची रेघ कुठे तुटलेली नाही. ती त्याची अट होती. "डोक्यावरची रेघ गेली की अक्षर बोडकं दिसतंय."

दोन वर्षांत त्यातलं निम्मं काम नाहीसं झालं. कुणी शटर बदललं, कुणी त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला. तेव्हा तो माझ्याकडे आला. "भाईरच्या भिंतीवर आपलं काय टिकत न्हाई. मला एक आतली भिंत दे. एकच."

शिरूरच्या आमच्या वस्तीत विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. चाळीसेक मुलंमुली तिथे नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करतात, मी ती सांभाळतो. तिची एक लांब भिंत मोकळी होती. यशवंतने ठरवलं की तिच्यावर क पासून ज्ञ पर्यंत सगळी व्यंजनं काढायची, हातभर उंचीचं एकेक अक्षर, एका ओळीत पाच. मला ते आवडलं. विहाराच्या समितीचे अध्यक्ष आप्पा, निवृत्त तलाठी, यांना फ्लेक्स हवा होता. "एका दिवसात लागतो," ते म्हणाले. तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी मान डोलावली. अट एकच, परीक्षा तोंडावर यायच्या आत भिंत पूर्ण झाली पाहिजे.

पहिल्या रविवारी त्याने नेहमीच्या डब्याने फक्त एक क मारला. सोमवारी सकाळी खोलीत डोकं धरणारा वास होता. सोनाली नावाच्या मुलीला दमा आहे. ती दहा मिनिटांत खाली पायरीवर जाऊन बसली, तिला बोलता येईना. यशवंत रात्री माझ्याकडेच थांबला होता. आप्पा त्याला म्हणाले, "पेंटर, रंग भिंतीला द्या. पोरांच्या छातीला नको." यशवंतने मान खाली घातली. पुढच्या रविवारी तो पुण्याहून कमी वासाचे, पाण्यातल्या रंगाचे डबे घेऊन आला. घरात वापरायचे म्हणून बनवलेले.

त्याने जुना क खरवडून काढला आणि नवा मारला. मग हात पाठीमागे बांधून भिंतीजवळ गेला, डोळे मिटले, हुंगलं. पुन्हा हुंगलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्याला वासच न्हाई, लेका."

"म्हणून तर आणलाय."

"आरं पण मला कळनार कसं?"

तेव्हा मला त्याची अडचण समजली नाही. मी हसलो. वास नाही म्हणजे रंग सुकला, असं धरून त्याने वर काळी कड मारली. खालचा निळा ओला होता. काळे ओघळ थेट फरशीपर्यंत आले. पुढच्या वेळी भीतीने तो एका अक्षरापुढे दीड तास बसून राहिला. त्यात दिवस गेला, आणि घाई केली की पुन्हा ओघळ. कधी डब्याचं तोंड तुंबायचं, कधी दाबल्यावर फुसकन थुंकायचं, आणि तो डब्याला शिव्या द्यायचा. मी डब्यावरच्या सूचना वाचून दाखवल्या. किती अंतरावरून मारायचा, किती मिनिटं थांबायचं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "त्ये त्यांच्या गावचं टायमिंग. शिरूरच्या हवेचं कोन लिहिनार?"

एक चूक आम्हा दोघांची होती. रस्त्याची धूळ ओल्या रंगाला चिकटू नये म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या. नेहमीच्या रंगाने आम्हाला खोलीत टिकू दिलं नसतं. या रंगाने काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी मी कपाटातलं एक पुस्तक काढलं तर बोटं निळी झाली. दोन फळ्यांवरच्या सगळ्या पुस्तकांवर निळी भुकटी बसली होती. शब्दकोश, इतिहासाचे खंड, सगळ्यांवर. मी रात्री जेवलो नाही. फडक्याने पुसत बसलो, आणि मनात पहिल्यांदा आलं की आप्पांचा फ्लेक्स बरा होता.

असे आठ रविवार गेले. चार ओळी झाल्या, क पासून न पर्यंत. काही अक्षरं त्याच्या हाताला शोभतील अशी, काहींना ओघळ. मुलांनी ढ च्या खालची खुर्ची ओढून बाजूला ठेवली होती, तिथे कुणी बसायला तयार नव्हतं. यशवंत ती खुर्ची परत तिथेच ठेवायचा आणि स्वतः बसायचा. "माझी जागा हाय. ढ सगळ्यात झ्याक निघालंय बघा. आपलं अक्षर आपल्यालाच जमतंय."

नवव्या रविवारी आप्पा जिना चढून वर आले. परीक्षा महिन्यावर आली होती, मुलांना रविवारीही खोली हवी होती. पुढच्या रविवारपर्यंत भिंत संपली नाही तर तिला चुना मारून फ्लेक्स लावायचा, असं सांगून ते गेले. सोळा अक्षरं राहिली होती. यशवंत म्हणाला, "पुस्तक्या, माझा नेहमीचा डबा काढू दे. दोन दिसात करून देतो. पोरं आठ दिस खाली बसत्याल."

"सोनालीचं काय?"

सोनाली तिथेच होती, टेबल पुसत होती. ती म्हणाली, "काका, एक करा ना. भिंतीवर मारलं की लगेच एका पुठ्ठ्यावर पण तसंच मारायचं. मग पुठ्ठ्याला बोट लावून बघा. भिंतीला नका लावू."

इतकं साधं होतं. मी इतकी पुस्तकं वाचली, त्याने इतक्या भिंती रंगवल्या, आणि आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. यशवंतचा चेहरा मात्र उतरला. "चाळीस वर्सं झाली. आता पुठ्ठ्याला इचारू व्हय, रंग सुकला का म्हनून?"

मी म्हणालो, "तुझ्या नाकापायी नऊ रविवार गेले, यशवंत. आणि माझी पुस्तकं गेली. आता ते नाक घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस."

मुलं बघत होती. त्याने डबे पिशवीत भरले. जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "येतो." नेहमी म्हणायचा तसंच. मी खिडकीतून पाहिलं नाही.

मंगळवारी मी दौंडला पोचलो तेव्हा घरात माणसं भरली होती. माती झाल्यावर शांतावहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला टेकवून पुठ्ठे ठेवले होते. किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यांचे, फाडून सपाट केलेले. प्रत्येकावर निळ्या रंगाचे गोल, एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने मिनिटं लिहिलेली. पाच, दहा, पंधरा, वीस. पंख्याखाली. पंख्याशिवाय. खिडकी उघडी. प्रत्येक गोलात एक बोट दाबलेलं. पहिल्या गोलांत ते खोल गेलेलं, पुढे उथळ, आणि पंचविसाच्या गोलात बोट उमटलेलं नव्हतं.

"सोमवारी दिसभर ह्येच करत हुते," वहिनी म्हणाल्या. "जेवायला उठनात. सगळा रंग सपला, म्हनून सकाळच्याला पुन्याला निघाले. म्हनले, पुस्तक्याचं रईवारी काम हाय."

मी बोलावं म्हणून त्या थांबल्या होत्या. अभ्यासिकेत मी त्याला काय बोललो हे त्याने घरी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. मी एक पुठ्ठा मागितला. त्यांनी सगळे दिले.

पुढचा रविवार आला आणि गेला. आप्पांनी फ्लेक्सचं नाव काढलं नाही. सोनाली म्हणाली, उरलेली अक्षरं आम्ही काढू का? मी अजून हो म्हटलेलं नाही. पुठ्ठे माझ्या कपाटात आहेत. भिंतीवर क पासून न पर्यंत अक्षरं आहेत. त्याखालची भिंत पांढरी आहे.