न हसणारा अमेरिकन आणि शारजातली बाग

शारजाच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने माझी बॅग उघडली. आईने दिलेले आमसुलांचे आणि कुळथाच्या पिठाचे डबे त्याने बाजूला ठेवले आणि तळातून झेरॉक्सच्या पानांचा गठ्ठा बाहेर काढला.

"व्हॉट इज धिस? रिलिजन?"

"नो सर. कॉमेडी."

त्याने पाच-सहा पानं उलटली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. भीतीने ते कोरडं पडलं होतं.

"कॉमेडी? बट यू नो लाफ," असं म्हणून तो स्वतःच हसला आणि बॅग माझ्याकडे सरकवली. "यल्ला (चल), गो!"

ती पानं एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन विनोदी निबंधकाराची होती. त्याचं नाव सांगितलं की प्रत्येक जण "कोण?" असं विचारतो, म्हणून मी ते सांगणं सोडून दिलं आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी त्याच्यावर प्रकल्प लिहिला होता. हा माणूस आधी कोळशाच्या व्यापारात बुडाला, मग गिरणीत बुडाला, मग लिलाव पुकारू लागला. चाळिशी उलटल्यावर त्याने गावच्या वर्तमानपत्रात आपलं खेचर, आपल्या कोंबड्या, न जाणारे पाहुणे यांच्यावर छोटे निबंध लिहायला सुरुवात केली. पुढे हिवाळाभर आगगाडीने गावोगाव फिरून तो ते वाचून दाखवायचा. लोक हसून लोळायचे आणि हा मात्र कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा चेहरा करून उभा असायचा. लिहायचा सगळं घराविषयी, राहायचा स्टेशनजवळच्या खाणावळीत.

माझ्या प्रकल्पाच्या शेवटी कॉलेजातल्या मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "सगळं आहे. पण तो स्वतः का हसत नाही?" या प्रश्नाचं उत्तर लिहून आण, पुण्याला एम.ए.च्या प्रवेशासाठी मी शिफारस करीन, असं त्या म्हणाल्या होत्या.

पण मी शारजाला आलो होतो तो नोकरीसाठी. माझे बाबा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजमध्ये वेल्डर होते. तिथल्या स्टोअरमध्ये जागा होणार होती आणि बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकून व्हिजिट व्हिसा काढला होता. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. अशी नोकरी नको म्हणायची पद्धतही नव्हती. पुढे शिकायचं आहे, हे बाबांना कसं सांगावं याचा विचार मी विमानात करत होतो. अजून तो सुरूच होता.

बाबांची खोली पाहायची मला फार उत्सुकता होती, कारण ती मला ऐकून पाठ होती. आखातातून कुणी गावी येणार असेल तर त्याच्याबरोबर कॅसेट यायची. आमच्या खळ्यात (अंगणात) टेप ठेवून सगळी वाडी ती ऐकायची. बाबा सांगायचे, "आमच्याकडे बाग आहे. घरात हवा इतकी गार की मे महिन्यात चादर लागते. शेजारीण रोज सकाळी दारात येऊन दूध मागते, नाही दिलं तर ओरडते." या शेजारणीवरून वाडीने आईला वर्षभर चिडवलं होतं.

खोलीत लोखंडी दुमजली खाटा होत्या आणि सहा माणसं. एसीचं पाणी बरोबर बाबांच्या खाटेवर ठिबकायचं, म्हणून त्यांनी वर चादर बांधली होती. शेजारीण दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ती एक कान फाटलेली मांजर होती. बाग खिडकीत होती, तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेला पुदिना. चहात टाकायला सगळे त्याचीच पानं तोडायचे आणि येता-जाता सगळेच त्याला पाणी घालायचे. मी एकेक गोष्ट ताडून पाहत होतो. बाबा खोटं काहीच बोलले नव्हते.

गॅरेजमधले नायरसाहेब चांगले होते. त्यांनी मला रॅकवरचे नट, बोल्ट, फिल्टर दाखवले, चहा पाजला आणि म्हणाले, "आराम से सोचो. शनिवार को बोलो."

त्या शुक्रवारी सुट्टी होती. सकाळी बाबा मला बसने अल मजाजला खालिद लगूनवर (खाडीच्या तळ्यावर) घेऊन गेले. काठाने उंच इमारती, गवतावर सहली. एक आई मुलामागे पळत होती, "अरे, निदान पाणी तरी पी!" मुलगा लांबूनच ओरडला, "आय डोन्ट वॉन्ट!" मराठी ऐकून बाबा वळले आणि त्या दोघांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तू चिकटलास ना स्टोअरमध्ये, की माझं खलास (संपलं). वर्षभर तुला शिकवीन आणि गावी जाईन. तुझ्या आईला सांगून ठेवलंय."

"बाबा..."

"काय रे?"

"काही नाही. पाणी छान आहे."

"हो," बाबा गंभीरपणे म्हणाले. "सरकारी आहे."

दुपारी बांगड्याचं कालवण आणि खुबूस (तिथली रोटी) असं जेवण झालं. नोकरी पक्की झाली तरी तिचा व्हिसा येईपर्यंत मला गावी परतायचं होतं. मी रविवारी निघणार होतो, म्हणून कॅसेट भरायची ठरली. दापोलीचे रफीकचाचा बाबांच्या वरच्या खाटेवर राहायचे. ते टेप पुसत म्हणाले, "विजू, तो तुझा अमेरिकन काय बोलतो ते तरी ऐकव. इतकी पानं विमानातून आणलीस."

मी खेचरावरचा निबंध मराठीत सांगितला. प्रत्येक विनोदानंतर तो विनोद का आहे, तेही समजावलं. सगळ्यांनी मनापासून ऐकलं. कुणी हसलं नाही.

"अमेरिकन भला माणूस असेल," रफीकचाचा म्हणाले, "पण तू त्याचा पंचनामा केलास."

मग कॅसेट भरण्याची तयारी झाली. खोलीचा एक कडक नियम होता. लाल बटण दाबलं की बोलणाऱ्याशिवाय कुणी आवाज करायचा नाही. पूर्वी एकदा चाचांच्या कॅसेटमध्ये कुणाची तरी शिवी गेली होती आणि ती कुणाला दिली, याचा खुलासा चाची अजून मागत होत्या. त्यामुळे दार लावलं, पंखा बंद केला आणि घरघर नको म्हणून एसीही बंद केला. जूनची दुपार होती. थोड्याच वेळात सगळ्यांचे सदरे अंगाला चिकटले.

बाबांनी बटण दाबलं. "हां, नमस्कार मंडळी. इकडे गारठा फार. चादरीशिवाय बसवत नाही..." कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. बाबा तो पुसत नव्हते, हातात टेप होता. चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्या कॅसेट आम्ही खळ्यात पोट धरून ऐकल्या, त्या सगळ्या अशाच भरल्या गेल्या होत्या.

मग त्यांनी टेप माझ्यासमोर धरला आणि खुणेने म्हणाले, आईशी बोल.

बटण दाबलेलंच होतं. आता मला कुणी अडवू शकत नव्हतं. मी म्हणालो, "आई, मी बरा आहे. बाबांनी माझ्यासाठी इथे खूप धडपड केली. पण मला पुण्याला जाऊन पुढे शिकायचंय. हे मी बाबांना सांगू शकलो नाही. तू सांग."

बाबा समोरच बसले होते. रफीकचाचांनी मान खाली घातली. टेपची चाकं फिरत होती. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं, ते बटण बंद करतील. त्यांनी टेप स्वतःकडे वळवला.

"ऐकलंस ना, विजूची आई? आता खरं काय झालं ते मी सांगतो. नायरसाहेबांनी याला स्टोअरमध्ये उभा केला. मागच्या बाजूला गिऱ्हाईक बोल्टसाठी खोळंबलंय आणि हा बोल्टलाच विचारतोय, तुझं बालपण कसं गेलं? साहेब म्हणाले, मिस्त्री, या मालात बिघाड आहे. परत पाठवा. तर परत पाठवतोय. दुरुस्ती पुण्याला होते म्हणतात. दोन वर्षं लागतील." इथे ते थांबले. "तोवर मी इथली बाग सांभाळतो."

खट्. बटण वर आलं. कुणी तरी एसी लावला. बाबा उठून तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

शनिवारी नायरसाहेबांना आम्ही दोघांनी जाऊन सांगितलं. ते बाबांना म्हणाले, "फिर तुम कब जाएगा, मिस्त्री?" बाबा म्हणाले, "इन्शाल्ला, साब," आणि हेल्मेट डोळ्यांवर ओढून वेल्डिंगला लागले.

गावी पोहोचलो त्या संध्याकाळी खळ्यात नेहमीसारखी माणसं जमली. बोल्टच्या बालपणाला तर शेजारचे आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. मी हसलो नाही. त्या आवाजामागची बंद खोली मला दिसत होती. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर आता मला लिहिता आलं असतं. ऐकणारा लांब असतो, त्याला काळजी लागू द्यायची नसते आणि बोलताना आपण फुटलो तर सगळंच फुटतं. त्या अमेरिकनालाही समोरच्या दिव्यांपलीकडे आपलंच घर दिसत असेल, असं मला वाटतं. खात्रीने कसं सांगू?

माणसं पांगल्यावर आईने कॅसेट काढून डबीत ठेवली.

"विजू," ती म्हणाली, "मोठी आहे का रे बाग?"

मला पुदिन्याचा डबा आठवला.

"मोठी आहे," मी म्हणालो. "पाणी घालायला सहा माणसं लागतात."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, "मग दोन वर्षांत चांगली वाढेल." आणि तिच्या चेहऱ्यावर, बाबांसारखीच, एक रेघही हलली नाही.