मोठ्यानं वाचायची खोली

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी नियतकालिक विभागात होते. सकाळची वर्तमानपत्रं नुकतीच स्टँडवर लावून झाली होती आणि जामबागच्या रस्त्यावरचा गोंगाट खिडकीपाशी येऊन विरत होता. फोनवर त्यांची भाची ऋतुजा होती. "मावशी, आत्या गेली... झोपेतच गेली," एवढंच ती म्हणाली. मी "हौ, येते" म्हटलं आणि कुणाला काही न सांगता मागच्या ग्रंथदालनात गेले. दोन कपाटांमधल्या अरुंद बोळात वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा उतरतो. त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत असते, की तिथं वेळही तसाच तरंगत असावा असं वाटतं. त्या उन्हात मी बराच वेळ उभी होते. आता काही आठवडे उलटले, तरी त्या बोळातून पुरती बाहेर आलेय असं वाटत नाही.

सुहासिनी उदगीरकर आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. घराणं मूळचं मराठवाड्यातलं, शेतीवाडीचं. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. ताईंनी लग्न केलं नाही. नल्लकुंट्याला भावाच्या कुटुंबात त्या राहायच्या. सगळा स्टाफ त्यांना मॅडम म्हणायचा. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी गडबडीत तोंडातून "येऊ का आत?" असं मराठीत निघालं, तशी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपलीच आहेस होय? मग मॅडम नको ग बाई, ताई म्हण." मग मला टेबलखुर्ची देण्याआधी त्यांनी पूर्ण ग्रंथालय फिरवून दाखवलं. पुस्तक ज्या वाटेनं आत येतं, त्याच वाटेनं. आधी खरेदी विभाग, जिथं प्राध्यापकांच्या मागण्या जमतात आणि पुस्तकांचे गठ्ठे सुटतात. मग वर्गीकरणाची खोली, जिथं प्रत्येक पुस्तकाचा विषय ठरतो, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी बसते, डिंकाचा वास दिवसभर हवेत असतो. मग ग्रंथदालन, संदर्भ विभाग, आणि शेवटी देवघेवीचा काउंटर. काउंटरपाशी त्या थांबल्या. "इतक्या खोल्या कशासाठी, तर पुस्तक त्याच्या माणसाच्या हातात पडावं म्हणून. ते नाही झालं तर आपण नुसतेच गोदाम सांभाळायलो," असं त्या म्हणाल्या. तेव्हा मला ते ग्रंथपालांचं नेहमीचं बोलणं वाटलं होतं.

त्या बोलण्याचा अर्थ कळला तो नरसिंग आल्यावर. नरसिंग इतिहासाचा विद्यार्थी, जन्मापासून दृष्टी नसलेला. काठी टेकत काउंटरवर यायचा, जाडजूड पुस्तक घ्यायचा आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून द्यायचा. असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी ताईंनी त्याला बसवून घेतलं आणि पुस्तक आवडलं नाही का, असं विचारलं. तो हसला. "हॉस्टेल में दोस्त दो पन्ने पढ़के सुनाते मॅडम, फिर सो जाते. मगर कार्ड मेरा भी है ना... तो ले जातूं." ताईंनी त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, संदर्भ विभागाच्या कोपऱ्यात त्याच्या शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात वाचू लागल्या. मी जिन्यावरून पाहत होते. पंख्याची घरघर, झरोक्यात घुमणारी कबुतरं आणि ताईंचा तो सपाट, न थांबणारा आवाज... मान किंचित वाकडी करून नरसिंग ऐकत होता, जणू दुरून कुणीतरी त्याच्याकडे चालत येतंय.

आठवडाभरात तक्रारी आल्या. शांतता राखा अशी पाटी लावलेल्या जागी खुद्द ग्रंथपालच मोठ्यानं वाचतात, हे वाचकांना कसं रुचावं! प्राचार्यांनी बोलावलं. ताईंनी मलाही सोबत नेलं.

"मॅडम, तुमची माया मी समजू शकतो," प्राचार्य म्हणाले, "पण हे काम ग्रंथालयाचं नाही. त्याला घरी बोलावून वाचून दाखवा."

"घरी वाचलं तर ती माझी मेहेरबानी होईल, सर," ताई म्हणाल्या. "इथं वाचलं तर तो त्याचा हक्क आहे. बाकीच्या मेंबरांना आपण पुस्तक देतो. याला नुसता कागद देतोय."

"जागा कुठंय पण?"

"आहे. वर्गीकरणाची खोली."

मी चमकून पाहिलं. ती आमची खोली होती. पुढं कितीतरी महिने आम्ही वर्गीकरणाचं काम ग्रंथदालनाच्या बोळात टेबलं टाकून केलं, उन्हाळ्यात घामानं चिठ्ठ्या बोटांना चिकटायच्या, आणि स्टाफची कुरकुर ताईंच्या कानावर जात नव्हती असं नाही. खोलीच्या दाराखिडक्यांना त्यांनी घरचे जाड पडदे आणून लावले. दारावर तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मराठीत पाटी लागली: वाचन-श्रवण विभाग. 'विभाग' या शब्दावर त्या अडून बसल्या होत्या. "नुसती खोली असली की उद्या कुणीही स्टोअररूम करेल. विभागाला मोडायचं म्हटलं तर मीटिंग घ्यावी लागते," हे त्यांचं कारण.

वाचायला विद्यार्थी येऊ लागले. कुणाचं तेलुगू चांगलं, कुणाचं उर्दू. परीक्षेच्या दिवसांत ऐकणारे इतर कॉलेजांतूनही यायचे. पडद्यांमधून बाहेरच्या दालनात शब्द पोचत नसत, नुसती गुणगुण यायची, भाषा कोणती तेही कळू नये अशी. त्या गुणगुणीवर पुस्तकांच्या पाठी लावता लावता माझी अर्धी नोकरी सरली. नरसिंग शिकला, ब्रेलमधून भराभर वाचू लागला आणि पुढं दिलसुखनगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागला.

ताईंचं बिनसतंय हे मला उशिरा कळलं. कपाटातली पुस्तकं चुकीच्या जागी सापडू लागली, आणि ती ताईंनीच ठेवलेली असायची. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काचबिंदू आहे ग. कडा गेल्यात, आता मधलं तेवढं दिसतं... वहीच्या पानाला भोक पाडून बघावं तसं." निवृत्तीनंतर ते मधलंही गेलं. त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. मी जायची तेव्हा हवापाण्याचं बोलत, पुस्तकाचा विषय निघू देत नसत. मी एकदा वाचून दाखवू का म्हटलं, तर "नको, तुझा वेळ जातो," म्हणून तोंड भिंतीकडे केलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी ज्याला हक्क म्हटलं, ते स्वतःसाठी मागताना त्यांना इतकं अवघड का व्हावं, हे मला आजही उमगलेलं नाही.

मी नरसिंगला कळवलं. एका संध्याकाळी आम्ही दोघं नल्लकुंट्याला गेलो. ऋतुजानं चहा आणला आणि तेवढ्यात वीज गेली. ती मेणबत्ती शोधायला उठली, तसं नरसिंगनं पिशवीतून ब्रेलचं मोठं पुस्तक काढून मांडीवर ठेवलं.

"रहने दो बेटा," तो म्हणाला. "मेरे कू अंधेरे में पढ़ने आता."

आणि तो वाचू लागला. तेलुगू कथा होती. ताईंना तेलुगू छान यायचं. खोलीत काळोख दाटत गेला, त्याची बोटं ठिपक्यांवरून सरकताना हलकी खसखस व्हायची, खाली गल्लीत कुणी जाईची फुलं विकणारा ओरडत गेला... आम्हाला चौघांनाही काही दिसत नव्हतं, आणि त्या गोष्टीतलं गाव, तिथलं तळं, तळ्याकाठची म्हातारी मला लख्ख दिसत होती. कथा संपल्यावर ताईंनी चेहरा त्याच्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "ऐकणं इतकं सोपं नाही रे... तुला मी फार भराभर वाचून दाखवलं." तो म्हणाला, "हौ मॅडम. लेकिन बोला नै."

ताई खळखळून हसल्या. पुढच्या सोमवारी माझा दंड धरून त्या कॉलेजात आल्या आणि काउंटरवर त्यांनी मेंबर म्हणून नाव घालायला सांगितलं. त्यांना मराठी ऐकायचं असायचं, आणि मराठी धड वाचणारं आमच्या कॉलेजात आता कोण उरलंय? शेवटी ऋतुजाच यायची. इंग्रजी शाळेत शिकलेली, जोडाक्षर आलं की अडखळायची, वैतागायची. ताई शब्द सांगत नसत, नुसत्या थांबत. तिला तो सापडेपर्यंत चेहरा तसाच तिच्याकडे वळलेला असायचा. अशी काही वर्षं गेली, त्यांची सुखाची.

शोकसभा ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात झाली. भाषणं झाली आणि आताचे प्राचार्य म्हणाले, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळूया. सगळे उभे राहिले. खुर्च्यांचे आवाज थांबले तशी ती गुणगुण ऐकू आली. पडद्याआडच्या खोलीत एक मुलगी कुणाला तरी भूगोल वाचून दाखवत होती. दार थोडं उघडं होतं, त्यामुळे शब्दही येत होते: गोदावरी, मंजीरा, मुसी... सभा सुरू आहे हे तिला कुणी सांगितलंच नसावं. एक शिपाई लगबगीनं दार लावायला निघाला. माझ्या शेजारी उभ्या नरसिंगनं त्याच्या पावलांच्या दिशेनं हात वर केला.

"रहने दो," तो हळूच म्हणाला.

शिपाई थांबला. आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत राहिलो. मध्येच मुलगी एका नावाशी अडली, पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा अडली... दालनात कुणी हललं नाही. मग तिला तो शब्द सापडला, आणि ती पुढं वाचू लागली.