चोरीच्या वायरीची बाज

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी उमरीच्या शिवलिंगअप्पांचे नाव घेतो. नोकरीत फिर्यादी, साक्षीदार, आरोपी यांची नावे बाहेर बोलायची नाहीत अशी सवय लागली. निवृत्तीनंतरही ती मी सोडलेली नाही, म्हणून या आठवणीत दुसरे कोणाचे नाव येणार नाही. अप्पांचे तेवढे घेतो.

अप्पांचे रद्दीचे दुकान होते. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. त्यांचे काम संपेपर्यंत मी अप्पांच्या दुकानात रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून हाताला लागेल ते वाचत असे. अप्पांनी मला कधी उठवले नाही. एवढेच म्हणायचे, "वाचून झालं की परत गठ्ठ्यात टाक रे बाबा. वजनात कमी आलं तर माझं दिवाळं निघंल." पण निघताना माझ्या पिशवीत पुढच्या वर्गाचे एखादे पुस्तक असायचे आणि जुन्या वह्यांची कोरी पाने एकत्र शिवून केलेली एक जाड वही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. मी पोचलो तो त्या वह्यांच्या जोरावर.

हे आधी सांगितले, कारण निवृत्तीच्या थोडे आधी माझ्याकडे एक गुन्हा आला आणि त्याचा तपास करताना मला राहून राहून अप्पांचे दुकान आठवत होते. बाकीचे बरेच तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा एक अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

त्या वेळी मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाण्याचा प्रभारी होतो. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते आणि विहिरीवरच्या मोटारींच्या वायरी चोरीला जात होत्या. सकाळी शेतकरी मोटार चालू करायला जायचा तर वायर कापून नेलेली. वायर गेली की पाणी बंद, आणि नवी आणेपर्यंत पीक वाळते. रोज कोणी ना कोणी ठाण्यात येऊन बसायचे. अशा चोरीत चोर वायर शेतात जाळतो, वरचे प्लॅस्टिक जळून जाते आणि आतले तांबे भंगारात जाते. म्हणून आम्ही रानात जळक्या जागा शोधत होतो. एकही सापडत नव्हती.

एके दिवशी एक शेतकरी हातात टोपली घेऊन ठाण्यात आला आणि ठाणे अंमलदारासमोर ती आपटून म्हणाला, "घ्या, माझी वायर सापडली."

"कुठं आहे?"

"ही काय. टोपली झालीय तिची."

सगळे ठाणे हसले. तो हसला नाही. टोपली काळ्या, लाल, पिवळ्या, निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली होती. मोटारीची वायर वरून काळी असते आणि आत या तीन रंगांच्या तारा असतात. त्याने एका काळ्या पट्टीवर बोट ठेवले. तिथे तापलेल्या खिळ्याने काढलेला लहानसा त्रिशूळ होता.

"हातहातभर अंतरावर म्या सोता डागलेत हे. माझा माल मला वळखू येत न्हाई व्हय?"

बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईकडे त्याला ही टोपली दिसली होती. तिने ती 'उरलंसुरलं'मधून घेतली होती.

'उरलंसुरलं' हे गावातल्या लोकांनीच पाडलेले नाव. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये एक ताई हे दुकान चालवायच्या. पूर्वी त्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवत. टेलरच्या चिंध्या, सनमायकाचे नमुने, लग्नपत्रिकांचे उरलेले कागद, फ्लेक्सचे तुकडे, अर्धे रंगाचे डबे, तुटक्या बांगड्या असे सगळे तिथे रंगाप्रमाणे लावलेले असायचे. शाळेची पोरे, मास्तर, मूर्ती करणारे, गॅदरिंगची सजावट करणारे स्वस्तात घेऊन जायचे. बचत गटाच्या बायका तिथेच बसून वस्तू विणायच्या. त्यांची घरे त्यावर चालत.

मी हवालदाराला आणि पंचांना घेऊन गेलो. शेडच्या दारात एक ओटा होता. ज्याला जे द्यायचे ते त्याने ओट्यावर ठेवून जायचे, अशी तिथली पद्धत.

"या पट्ट्या कोण आणून ठेवतं?" मी विचारले.

"माहीत नाही."

"कसं माहीत नाही?"

"आम्ही बघत नाही म्हणून," ताई म्हणाल्या. "कॅमेरासुद्धा मुद्दाम लावला नाही. दुकान बंद पडलेला टेलर उरलेलं कापड देतो तेव्हा तोंड लपवून देतो, साहेब. त्याला नाव विचारलं तर तो यायचाच नाही."

हवालदार म्हणाला, "ताई, दुकान हाय का दानपेटी?"

"तुम्ही घरातलं काही आणून टाकलं तर सांगते," ताई म्हणाल्या.

शेडमध्ये त्याच पट्ट्यांची एक पूर्ण विणलेली बाज उभी होती. पाइपांची चौकट, मध्ये रंगीत नक्षी, आणि कडेच्या काळ्या पट्ट्यांवर जागोजागी त्रिशूळ. ती आडवी करताच शेतकरी तिच्यावर जाऊन बसला.

"उठा," हवालदार म्हणाला. "मुद्देमालावर बसू नका."

"माझी वायर हाय, मी बसणार!"

पंचनामा झाला. न विणलेल्या पट्ट्यांच्या शिल्लक पेंढ्या आम्ही जप्त केल्या. ठाण्याच्या आवारात जप्त मोटारसायकलींमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे बाज सुपुर्दनाम्यावर ताईंकडेच ठेवली.

त्या पेंढ्या मी टेबलावर घेऊन बराच वेळ बघत बसलो. प्रत्येक पट्टी सरळ चिरलेली, ग्रीस पुसलेले, रंग वेगवेगळे. आणि बांधणी कडब्याच्या पेंढीची. पट्टीलाच पीळ देऊन बांधायचा आळा केलेला होता. माझी आई दुसऱ्याच्या रानात अशाच पेंढ्या बांधायची. जळक्या जागा का सापडत नव्हत्या ते कळले. कोणीतरी घरात बसून हाताने वायर सोलत होते. पण चोर घाईत असतो, तो साल पुसून, रंग निवडून, पेंढ्या बांधून दुकानाच्या ओट्यावर ठेवत नाही. ठेवणाऱ्याला त्या सालीची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्यावर आला. सगळ्यांत पुढे होता गावातला मोटार मेस्त्री. निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्यानेच बसवलेल्या. तो ओरडत होता, "आधी त्या बाईला आत टाका! शेडला सील ठोका! चोरीचा माल तिच्यापाशी निघाला, अजून कशाची वाट बघून राहिले?" वरिष्ठांचाही फोन आला. माल मिळाला आहे, चोरीचा माल घेणारी म्हणून बाईला अटक दाखवा, गुन्हा उघड होईल. कागदावर ते सोपे होते. दुकान बंद झाले असते, बायका घरी बसल्या असत्या, आणि चोर पुढची विहीर बघत फिरला असता. मी आठवडी बाजारापर्यंत मुदत मागून घेतली.

ताईंना सगळे स्पष्ट सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला.

"देणारा नाव सांगत नाही, पण येतो," त्या म्हणाल्या. "आपल्या सामानाचं काय झालं ते बघायला येतो. नेहमी. बाजारच्या दिवशी आम्ही नवीन वस्तू बाहेर मांडतो. त्या टेलरनं एकदा गोधडीसमोर अर्धा तास काढला होता."

"मग बाज बाहेर मांडा. आम्ही साध्या कपड्यात थांबतो."

"नाही."

"का?"

"माझ्या दारात सापळा लावलात तर उद्यापासून त्या ओट्यावर कोणी चिंधीसुद्धा ठेवणार नाही. मग सील तुम्ही ठोकलं काय आणि मी ठोकलं काय, एकच."

"आणि हरभरा वाळतोय त्यांना मी काय सांगू? ताईंची पद्धत मोडते म्हणून?"

दोघेही चिडलो होतो. शेवटी असे ठरले की बाज बाहेर मांडायची. जो येईल त्याच्याशी आधी ताई बोलतील आणि पोलीस आहेत हे त्याला सांगूनच मला बोलावतील. तोवर मी समोरच्या चहाच्या टपरीवरून हलायचे नाही. मी एकटाच बसेन. हवालदाराला हे पटले नाही. "साहेब, पळून गेला तर?" म्हणाला. मी म्हणालो, "तर जिम्मेदारी माझी."

बाजारच्या दिवशी बाजेभोवती गर्दी झाली. कोणी म्हणे "लई भारी काम हाय," कोणी म्हणे "पावसात पण चालंल, भिजत न्हाई." एक आजोबा आडवे झाले ते उठेचनात. त्यांना बायकांनी चहा पाजून उठवले. माझे पाच-सहा कप झाले असतील. टपरीवाला आता माझ्याकडे संशयाने बघू लागला होता.

उन्हे कलताना एक बाई भाजीची पिशवी घेऊन आली. ती बाजेवर बसली नाही. पिशवी खाली ठेवून वाकली, बाजेच्या खालून हात फिरवला, एक सैल पट्टी ओढून नीट बसवली. मग पायथ्याकडे गेली, जिथे नक्षी अर्धवट सोडून नुसते काळे विणलेले होते.

"निळी कमी पडली व्हय?" तिने ताईंना विचारले. "घरी हाय अजून. देते की आणून."

मी कप खाली ठेवला. पण ठरल्याप्रमाणे उठलो नाही. त्या काही मिनिटांइतके अवघड बसणे मी नोकरीत दुसरे केले नसेल. ताई तिच्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. बाईने एकदा वळून टपरीकडे पाहिले. तिला पळता आले असते, गर्दी होतीच. ती मटकन बाजेवर बसली. ताईंनी हात वर केला.

मी शेडच्या पायरीवर जाऊन बसलो.

"मला आत घालता का, साहेब?"

"आधी काय झालं ते सांगा, माय."

मेस्त्री तिच्या घरी वायर आणून टाकायचा. जळालेल्या मोटारींची जुनी वायर आहे असे सांगायचा. फळीत ठोकलेल्या ब्लेडवरून ती ओढायची. सोललेले तांबे तो न्यायचा आणि किलोवर मजुरी द्यायचा.

"साल जाळून टाक म्हणाला. मला जाळू वाटंना. रंग बघा की किती चांगला. अन् काळीवर खुणा होत्या. कुणी तरी बसून केलेल्या. खूण केलेलं कसं जाळावं? इथं कायबी ठेवलं तर त्याचं कायतरी होतंय, म्हणून इथं ठेवलं."

"खुणा बघून शंका नाही आली?"

तिने बाजेवरच्या एका त्रिशुळावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "आली. म्हणून तर दर बाजारला बघायला येऊन राहिले, कुणी वळखतंय का."

मेस्त्रीला त्याच संध्याकाळी ठाण्यात आणले. पहिला तासभर तो मलाच तपास शिकवत होता. मी मध्ये बोललो नाही. फक्त कोणाच्या विहिरीवर कोणती मोटार आहे, वायर कधी टाकली, एवढे विचारत गेलो. सगळे तोंडपाठ सांगत होता. ज्यांची वायर गेली ती प्रत्येक विहीर त्याच्या यादीत होती, आणि हे त्याच्या लक्षात यायच्या आत हवालदाराने बाईच्या घरून आणलेली निळी पेंढी टेबलावर ठेवली.

मेस्त्रीचा चेहरा रागाने लाल झाला. "जाळून टाक म्हणलं होतं तिला!"

मग तो एकदम थांबला. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितले. पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून पंचांसमोर निवेदन घेतले आणि त्याने दाखवलेल्या जागेवरून तांबे आणि न सोललेली वायर जप्त केली. बाईचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला. वरिष्ठांशी त्यासाठी मला बरेच बोलावे लागले, पण तिने माल लपवला नव्हता, उलट भर चौकात मांडायला दिला होता, हे त्यांनीही मान्य केले. शेडला सील लागले नाही. ओटा आजही उघडा आहे आणि अजूनही कोणाला नाव विचारत नाहीत.

गुन्हेगार लपतो, म्हणून लपणाऱ्याला शोधायचे, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवले होते आणि ते मी नोकरीभर केले. जो परत बघायला येतो त्याच्यासाठीही थांबायचे असते, हे मला त्या दुकानाने शिकवले. त्या तपासानंतर मी अप्पांना एक पत्र लिहिले. त्याची नक्कल ठेवली होती, ती इथे देतो.

"तीर्थरूप शिवलिंगअप्पा यांस, शिरसाष्टांग नमस्कार.

अप्पा, मी सुखरूप आहे. वर्तमानपत्रात वायरचोरीची बातमी आली ती तुम्ही वाचली असेल. त्यात न आलेली गोष्ट कळवतो. ती बाज कोर्टाच्या हुकमाने फिर्यादी शेतकऱ्याला मिळाली. त्याने विहिरीवर नवीन वायर टाकली आहे आणि जुन्या वायरीच्या बाजेवर झोपून तो नवीन वायरीची राखण करतो. मला म्हणाला, 'साहेब, वायर शेवटी विहिरीवरच आली.'

तुम्ही पुस्तके गठ्ठ्यातून काढून माझ्या पिशवीत घालायचात ते मला तेव्हाच कळत होते. विचारले तर तुम्ही बंद कराल अशी भीती वाटायची, म्हणून कधी बोललो नाही. मी पास झालो की उमरीला येऊन उगाच तुमच्या दुकानापुढून दोनदा जायचो आणि तुम्ही उगाच बाहेर येऊन उभे राहायचात. तुम्ही का उभे राहायचात ते मला या तपासात कळले.

या पत्रासोबत टेम्पोने एक बाज पाठवत आहे. तशीच, त्याच बायकांनी विणलेली. नक्षी पायथ्यापर्यंत पूर्ण आहे, या वेळी निळी कमी पडली नाही. त्यासाठीची वायर मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून रीतसर आणलेली आहे, खात्री केली आहे. दुकानासमोर टाकून तिच्यावर बसत जा. गठ्ठ्यावर बसून आता तुमची कंबर दुखत असेल.

एकच विनंती. अप्पा, ही वजनात धरू नका.

आपला,
गठ्ठ्यावरचा पोरगा"